मधल्या बोअरचं तांबडं

ताई,

लोक भेटायला येतात, ओट्यावर टेकतात आणि तुझ्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. परवा आश्रमशाळेतले तुझे जुने गुरुजी आले होते. चहा घेतला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "वनिता फार शांत मुलगी होती." आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. गुरुजी फाटकाबाहेर पडल्यावर आई म्हणाली, "दुसऱ्या कोनाचा सांगत असतील." तू गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो. हसता हसता आईनं पदर तोंडावर घेतला आणि मग बराच वेळ काढला नाही.

शांत? तू? दाभोशाच्या रस्त्यावर जीपवाल्याशी भांडून अख्खी जीप थांबवणारी तू. साहेबांच्या मीटिंगमध्ये बोट वर न करता बोलणारी तू. आपल्या पाड्यातली पहिली ग्रॅज्युएट झालीस तेव्हा पेढे वाटत फिरलीस आणि प्रत्येक घरी स्वतःच सांगितलंस, "मी सगळ्यांत पुढे आलेय." तेव्हा आबा होते, ते लाजले होते. तू नाही.

मावशीला अजून कळलेलं नाही, तू नेमकं काय काम करायचीस. तिला वाटतं, तू विहिरी खणायचीस. मी तिला समजावलं की बंधारा बांधायच्या आधी खालची जमीन पाणी धरेल की नाही ते बघावं लागतं. त्यासाठी मशीननं पोकळ नळी फिरवत फिरवत जमिनीत घालतात. तो झाला बोअर. नळीच्या आत दगडाचा अख्खा गोल दांडा राहतो, तो बाहेर काढतात. तो झाला कोअर. तो क्रमानं पेट्यांत मांडून ठेवतात आणि ताई तो बघून सांगायची, खाली काय आहे. मावशी म्हणाली, "म्हंजे डॉक्टरीन." मी हो म्हटलं. तू असतीस तर वाद घातला असतास, की डॉक्टरला पेशंट निदान सांगतो तरी, कुठे दुखतं ते.

तू माझ्या स्टुडिओत आलीस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. जव्हारला लग्नसराई चालली होती. एक नवरदेव पासपोर्ट फोटोसाठी बसला होता आणि तू त्याच्या समोरून खांद्यावरची बॅग टेबलावर ठेवलीस.

"काशा, दगडांचे फोटो काढशील का?"

"कसले दगड?"

"बेहेडपाड्याच्या बंधाऱ्याचे. कंपनीला प्रत्येक पेटीचा फोटो कॉम्प्युटरवर हवाय, एकाला एक जोडून. शहरातला माणूस मोखाड्याला येऊन राहायला तयार नाही. मी सांगितलं, माझा भाऊ काढतो."

"तू विचारलंस कुठे मला?"

"आत्ता विचारतेय की."

आणि लगेच पुढे तुझं ते वाक्य, जे पुढे मी हजारदा ऐकलं: "काढायचेच असतील तर नीट काढ. पण फोटोवरून दगड कळतो, असं मला कधी सांगू नकोस. दगड हातात घ्यायचा असतो."

तेव्हा तुझ्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन नाशिकला होऊन थोडेच महिने झाले होते. औषधं चालू होती. डोक्याला कायम ओढणी बांधलेली असायची. डॉक्टरांनी वाकायला आणि वजन उचलायला मनाई केली होती, आणि तुझं सगळं काम वाकून करायचं होतं.

मोखाड्याच्या त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मला रडायला आलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. पत्र्याखाली नुसत्या पेट्यांवर पेट्या. तीन बोअर होते: ओहोळाच्या एका काठावर एक, दुसऱ्या काठावर एक आणि मधोमध पात्रात एक. मी आयुष्यभर हळद, मेंदी आणि हार काढलेले. इथे काळा दगड, त्याच्या बाजूला काळा दगड आणि त्याच्या खाली काळाच दगड.

सॉफ्टवेअर चालू करायला इंटरनेट लागायचं आणि शेडमध्ये रेंज नव्हती. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी एसटी स्टँडच्या बाकावर बसलो, तेव्हा कुठे ते सुरू झालं. मग कॅमेरा उलटा टांगायचा, बरोबर पेटीच्या मधोमध, खाली बघेल असा. सॉफ्टवेअर पेटीचे चार कोपरे ओळखून फोटो सरळ करतं, प्रत्येक ओळ कापतं आणि एकापुढे एक जोडून अख्ख्या बोअरची एकच लांब पट्टी बनवतं. ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी त्याला कोपरेच सापडेनात. कोपरे सापडले तर पांढरी प्लॅस्टिकची पेटी एवढी चमकायची की दगड कोळसा दिसायचा. उजेड वाढवला की कडेला सावली. मी लग्नाच्या फोटोंना लागणाऱ्या दोन्ही छत्र्या आणल्या, दिवे त्यांच्यावर मारले आणि कडेला रंगांची पट्टी ठेवली, म्हणजे तांबडा तांबडाच दिसेल, भगवा नाही. तरी फोटो बघून तू नाक मुरडलंस.

"मेलेला दिसतोय."

"दगड आहे ताई, मेलेलाच असतो."

"कोरडा आहे म्हणून. पाणी मार आणि काढ. ओला झाला की बोलतो तो. कोरड्या दगडाचा फोटो म्हणजे झोपलेल्या माणसाचा फोटो."

"आणि ओल्याचा म्हणजे तोंडाला तेल चोपडलेल्या नवरदेवाचा. नुसती चकाकी येते, खालचं काही दिसत नाही."

हा वाद आपला कधी मिटला नाही. जेवताना, जीपमध्ये, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा. शेवटच्या आठवड्यात तुला नीट बोलता येत नव्हतं, तरी मी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा तू माझ्याकडे बघून पुटपुटलीस, "ओला." नर्सला वाटलं, तुला ओठ ओले करायचेत. मला माहीत होतं, तू काय म्हणतेयस. मी म्हटलं, "कोरडा." तुझे ओठ किंचित हलले. ते हसू होतं की नाही, यावर आता मला कुणाशी वाद घालता येत नाही.

पण मला आज रडायला बसायचं नाहीये. मला तुझी ती दुपार सांगायचीय. तुला ठाऊकच आहे, तरी. कारण भेटायला येणाऱ्यांपैकी कुणालाच ती ठाऊक नाही.

काठावरच्या दोन्ही बोअरमध्ये तांबड्या मातीचा पातळ थर लागला होता, दोन काळ्या कातळांच्या मधे, दोन्हीकडे एकाच पातळीला. तू म्हणायचीस, एक लाव्हा थंड झाला, वर माती झाली आणि मग दुसरा लाव्हा तिच्यावरून वाहत आला, म्हणून ती विटेसारखी भाजली. आता दोन्ही काठांवर एका पातळीला लागलेला थर मधेही त्याच पातळीला लागायला हवा. मधल्या बोअरमध्ये तो लागला, पण कितीतरी खाली. याचा अर्थ पाटणकर साहेबांनी सरळ लावला, की ओहोळाखाली जमीन तुटून खचलेली आहे, तिथे भेग असणार आणि बांधलं तर पाणी खालून निघून जाणार. जागा रद्द करायची, असं जवळपास ठरलं होतं. फक्त फोटोंसह शेवटचा अहवाल जायचा होता.

बेहेडपाडा तुला परका नव्हता. आईचं माहेर त्याच डोंगराच्या पलीकडचं. लहानपणी मे महिन्यात मामाकडे गेलो की पहाटे मामीबरोबर आपण दरीतल्या झऱ्यावर जायचो आणि वाटीवाटीनं हंडा भरायचो. पावसात घरात पाणी शिरतं, आणि उन्हाळ्यात तोंड धुवायला नाही. तू तेव्हाच मामाला विचारलं होतंस, "एवढं पानी जातं कुठं?" मामानं खांदे उडवले होते.

मधल्या बोअरचं काम झालं तेव्हा तू नाशिकला दवाखान्यात होतीस. ते कोअर लाकडी पेट्यांत तसेच ताडपत्रीखाली राहिले, पावसाळाभर. वाळवीनं पेट्या खाल्ल्या आणि आत खोली लिहून ठेवलेल्या लाकडाच्या चकत्याही खाल्ल्या. मग कुणी तरी ते नव्या प्लॅस्टिकच्या पेट्यांत भरले आणि जुन्या पेट्यांवर उरलेल्या रंगावरून नवे आकडे टाकले. तू परत आलीस तेव्हा पेट्या नव्याकोऱ्या, ओळीत मांडलेल्या. शंका यावी असं काही नव्हतं. आणि तुला तर शेडमध्ये जायलाही बंदी.

म्हणून मी लॅपटॉप घरी आणला. टीव्हीला जोडला, तुला पलंगावर उशा देऊन बसवलं. आई दारात तांदूळ निवडत बसली होती.

"टीव्हीत दगड बघाया कोन बसतं?" ती म्हणाली.

"मी," तू म्हणालीस. "सरक आत, दार लोट जरा, उजेड येतोय."

मी मधल्या बोअरची पट्टी लावली. तू तासभर तक्रारीच केल्यास. रंग बरोबर नाही, दगड जड की हलका ते कळत नाही, नखानं ओरखडता येत नाही. मी बाण दाबत पुढे पुढे जात होतो. मग तू एकदम म्हणालीस, "मागे घे."

मी मागे घेतलं.

"अजून मागे. थांब."

पडद्यावर दुसरी पेटी संपत होती आणि तिसरी सुरू होत होती. दुसऱ्या पेटीच्या शेवटच्या तुकड्यात एक पांढरी शीर होती, तिरकी, कापसाच्या दोऱ्यासारखी, दगडाच्या टोकापर्यंत गेलेली. तिसऱ्या पेटीच्या पहिल्या तुकड्यात ती नव्हती. काळा दगड, साफ.

"तिथं दगड तुटला असेल," मी म्हटलं.

"तुटला तर शीर पण तुटेल, पण पुढच्या तुकड्यात तिचं दुसरं टोक असेल की नाही? गायब कशी होईल?" तू उशांवरून पुढे सरकलीस. "शेडमध्ये हे कधी दिसलं नसतं रे. तिथं ही पेटी इकडे आणि ती तिकडे. तांबडं सहावीत आहे ना? पाचवी आणि सहावी दाखव."

तिथेही तेच. पाचवीचं टोक ओबडधोबड, सहावीची सुरुवात तिरकस तुटलेली, आणि त्या सुरुवातीलाच एक पांढरी शीर, कुठूनही न आलेली.

तू बोलायची थांबलीस. आई तांदळातून हात काढून बघायला लागली, कारण तुझं गप्प बसणं आपल्या घरात नवं होतं. मग तू बोट हवेत धरून ३ काढलास आणि त्याच्याच शेजारी ६ काढलास. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"काशा, अर्धा रंग उडाला तर तीन आणि सहा वेगळे ओळखू येतील का?"

मी माउसनं सहावी पेटी उचलली आणि दुसरीच्या पुढे नेऊन सोडली. शीर जुळली. दुसऱ्या पेटीतून निघून सरळ पुढे गेली, त्याच तिरकस कलानं, जशी काही मधे पेटी बदललीच नव्हती. तिसरी उचलून पाचवीपुढे लावली, तिचंही टोक बसलं. आणि तांबडा थर, जो इतका खाली होता, तो पट्टीत वर आला. तू दोन्ही काठांच्या पट्ट्या शेजारी लावायला सांगितल्यास. तीन पट्ट्या, तिन्हीत तांबडं, एका रेषेत.

"भेग नाहीये," तू म्हणालीस. "जमीन अख्खी आहे."

आईनं विचारलं, "म्हंजे पानी ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल," तू म्हणालीस, आईच्या बोलीत. आणि मग माझ्याकडे न बघता, टीव्हीकडेच बघत म्हणालीस, "फोटो बरे आलेत."

एवढंच. आयुष्यात तू माझ्या फोटोंना दिलेलं एकमेव प्रमाणपत्र. त्या तीन शब्दांवर मी किती दिवस तरंगत होतो, ते तुला कधी सांगितलं नाही. ते आज सांगतोय.

दुसऱ्या दिवशी मी शेडमधून ते दोन तुकडे रेंजसाठी एसटी स्टँडच्या बाकावर नेले आणि तुला व्हिडिओ लावला. सहावीचा पहिला तुकडा हातात घेतला आणि दुसरीच्या शेवटच्या तुकड्याला टेकवला. दगडावर दगड बसला आणि किंचितही हलेना. तू फोनवर ओरडलीस, "फिरवून बघ." फिरवलं तर बसेना. परत तसाच धरला तर बसला. तुझा हट्टही तिथेच खरा ठरला: फोटोनं दाखवलं आणि दगडानं शिक्कामोर्तब केलं. दोघांचंही बरोबर होतं, हे मात्र दोघांपैकी कुणी कबूल केलं नाही.

पाटणकर साहेब, ज्यांनी जागा रद्द करायचं म्हटलं होतं, ते स्वतः आले. भला माणूस. त्यांनी तुकडे आपल्या हातांनी जुळवून बघितले, चष्मा पुसून पुन्हा जुळवले. मग आपल्या घरी आले, तुझ्या पलंगाशेजारी खुर्चीवर बसले.

"जुळतंय, वनिताबाई. पण तेवढ्यावर मी बंधारा बांधायला सांगू शकत नाही. शेजारी एक बोअर पुन्हा घेऊ."

"घ्या की," तू म्हणालीस. "तांबडं कुठे लागेल ते आत्ताच सांगते." आणि खोली सांगितलीस, बोटभर इकडेतिकडे न करता.

साहेब हसले. "नाही लागलं तर?"

"लागेल."

नवा बोअर घेतला त्या दिवशी तुला कुणी अडवू शकलं नाही. डॉक्टरांना फोन करायची मी धमकी दिली, तर तू म्हणालीस, "कर, त्यांनाही बोलव." जीपमधून प्लॅस्टिकची खुर्ची नेली, ओहोळाच्या काठी मांडली. पाड्यातल्या बायका, म्हातारे, सगळे बांधावर येऊन बसले होते, जत्रेला बसावं तसे. मशीनवर यादवजी होते, बिहारचे, तोंडात कायम तंबाखू. एकेक नळी वर यायची, हातोडीनं ठोकून ते दगड बाहेर काढायचे, काळा, परत काळा, परत काळा. साहेब घड्याळ बघत होते. तू डोळे मिटून बसली होतीस. मला वाटलं, तुला दुखतंय. मी खाली वाकलो तर तू म्हणालीस, "आवाज ऐकतेय. मऊ लागलंय त्याला."

नळी वर आली. यादवजींनी ठोकली. आधी काळा तुकडा सरकला, मग त्याच्यामागून विटेच्या रंगाचा.

"लाल आया, मॅडम," ते म्हणाले आणि तो तुकडा आधी साहेबांना न देता तुझ्या मांडीवर ठेवला.

तुझे कपडे लाल पाण्यानं भरले. तू दगड दोन्ही हातांत धरलास आणि साहेबांकडे बघितलंस. साहेबांनी टेप लावली. मग टेप गुंडाळून खिशात टाकली आणि दोन्ही हात जोडले. बांधावर बसलेल्या बायकांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण तुझ्या तोंडाकडे बघून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. पण बघताना मला समोरचं सगळं धूसर दिसत होतं, आणि तो दोष लेन्सचा नव्हता.

बंधारा झाला. मधल्या काळात तू पुन्हा दवाखान्यात गेलीस, पुन्हा आलीस, पुन्हा गेलीस. गाठ परत आली होती. लोक म्हणतात, एवढी हुशार मुलगी, असं व्हायला नको होतं. नकोच होतं. सकाळी डोळे उघडतात आणि आधी तुझा खोकला ऐकू यायची वाट बघतो मी, मग आठवतं. आई दोन माणसांचाच भात लावते आणि तरी तो उरतो. हे सगळं आहेच. पण कुणी मला "बिचारी" म्हटलं की मला राग येतो. बिचारं काहीही नव्हतं तुझ्यात. तू जे सांगितलंस ते जमिनीतून बाहेर आलं, सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या. किती जणांच्या वाट्याला हे येतं?

या वैशाखात तू म्हणालीस, "बघून येऊ." चालणं जवळपास बंद झालं होतं. जीप जाईल तिथपर्यंत नेली, पुढे मी तुला पाठीवर घेतलं. तू इतकी हलकी झाली होतीस की मला चालवेना. वर चढलो आणि पाणी दिसलं. सगळा डोंगर तपकिरी, करपलेला, आणि मधे ते पाणी, काठापासून काठापर्यंत. म्हशी डुंबत होत्या. पोरं उड्या मारत होती. बायका हंडे घासत, गप्पा मारत बसल्या होत्या, कुणाला घाई नव्हती.

मी तुला दगडावर बसवलं. पाय पाण्यात सोडलेस. तू पाण्याकडे नाही, पलीकडच्या काठाकडे बघत होतीस, जिथे कातळाखालून तांबडी रेघ गेली होती आणि पाण्यात शिरली होती.

शेजारी एक म्हातारी हंडा भरत होती. तिनं तुझी ओढणी बघितली, हडकुळे हात बघितले. विचारलं, "कुठली गं बाय तू?"

"जव्हारची."

"पानी बघाया आली?"

"हो."

"आधी नव्हता इथं काय. कोन येऊन केलान काय म्हायत."

मी बोलायला तोंड उघडलं. तू माझ्या दंडावर हात ठेवलास.

"मी केलं," तू म्हणालीस. "मी आणि माझ्या या भावानं."

म्हातारीनं तुला वरपासून खालपर्यंत बघितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिनं भरलेला हंडा तिरका केला, ओंजळ धरायची खूण केली आणि म्हणाली, "मग आधी तू पी."

तू प्यायलीस, ताई. हनुवटीवरून ओघळलं, ओढणी भिजली, तरी पीत राहिलीस. मग ओंजळ माझ्याकडे सरकवलीस.